आवड कोणाची, किंमत कोणाला?

पुरुषाला शरीर हवे असते आणि स्त्रीला प्रेम हवे असते, हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. ते नाक्यावर ऐकू येते, लग्नाच्या मांडवात थट्टेच्या रूपाने ऐकू येते, आणि अलीकडे तर मोबाइलच्या पडद्यावर विज्ञानाचा टिळा लावून येते. ऐकणारे स्त्री-पुरुष दोघेही मान डोलावतात. घरी गेल्यावर मात्र पुष्कळांना वाटते की हे वर्णन आपल्याला काही नीट बसत नाही. पण हे बोलायचे कोणी आणि कोणापाशी?

या विषयावर डॉक्टरांनी बोलावे, मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी बोलावे. कामगार संघटनेतल्या माणसाचे येथे काय काम, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येईल आणि तो रास्त आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा वैद्यकाचा अधिकार आम्ही सांगत नाही. पण गेली तीस वर्षे आम्ही एकच धंदा केला आहे : माणसांना काय हवे आहे ते विचारणे. पगार किती हवा, पाळी कोणती हवी, रजा केव्हा हवी. या धंद्यात एक गोष्ट अंगवळणी पडते. माणूस काय मागतो हे तो कोणासमोर उभा आहे, आणि मागितल्याबद्दल त्याला काय भोगावे लागेल, यावर फार अवलंबून असते.

एक उदाहरण देतो. कपडे शिवण्याच्या एका कारखान्यात रात्रपाळीचा प्रश्न निघाला. रात्रीच्या कामाला भत्ता चांगला होता. व्यवस्थापनाने सुपरवायझरसमक्ष विचारणा केली, तेव्हा एकाही बाईने हात वर केला नाही. पुरुषांपैकी निम्म्याहून अधिक तयार झाले. निष्कर्ष तयारच होता : बायकांना रात्रपाळी आवडत नाही. पुढे आमच्या संघटनेतल्या एका जुन्या कार्यकर्तीने त्याच बायकांना जेवणाच्या सुट्टीत, दार लावून, वेगळ्या रीतीने विचारले. गाडी घराच्या दारापर्यंत सोडणार असेल, पाळीवर दुसऱ्याही बायका असतील, आणि सासरी कोणी वाकडे बोलणार नाही असे धरून चालले, तर? एकतृतीयांश बायका तयार निघाल्या. काम तेच, भत्ता तोच. फरक होता तो रात्री साडेअकराच्या रस्त्याचा आणि शेजारणीच्या तोंडाचा.

आता हेच चष्मे लावून आपण एका गाजलेल्या प्रयोगाकडे पाहू. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या एका विद्यापीठात रसेल क्लार्क आणि इलेन हॅटफील्ड या मानसशास्त्रज्ञांनी तो प्रथम १९७८ साली आणि पुन्हा १९८२ साली केला. छापून आला १९८९ साली. दिसायला बरे असे तरुण आणि तरुणी विद्यापीठाच्या आवारात पाठवले. त्यांनी अनोळखी अशा भिन्नलिंगी व्यक्तीला गाठून म्हणावयाचे की, मी तुम्हाला येथे पाहत आलो आहे, तुम्ही मला आवडता. त्यापुढे तीनपैकी एकच प्रश्न : आज संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला याल का, माझ्या खोलीवर याल का, किंवा सरळच, माझ्याशी संग कराल का. पहिल्या वेळचे आकडे असे. संगाला शंभरांत ७५ पुरुषांनी होकार दिला. स्त्रियांपैकी एकीनेही नाही. खोलीवर जायला ६९ टक्के पुरुष तयार, स्त्रिया ६ टक्के. पहा, सिद्ध झाले, असे म्हणून कित्येकांनी येथेच वही मिटली.

पण पहिल्या प्रश्नाचे काय? संध्याकाळी फिरायला येता का, याला ५० टक्के पुरुषांनी होय म्हटले आणि ५६ टक्के स्त्रियांनी. म्हणजे अनोळखी माणसाविषयी गोडी वाटण्यात स्त्रिया तसूभर मागे नव्हत्या. त्या मागे सरल्या त्या दार बंद होण्याच्या प्रश्नावर. आमच्या रात्रपाळीच्या बायकांहून हे काही निराळे नव्हे.

मिशिगन विद्यापीठातील टेरी कॉनली या विदुषीने २०११ साली हाच धागा पुढे नेला. तिने लोकांना वेगवेगळे प्रसंग कल्पनेने समोर ठेवायला सांगितले. असे विचारणाऱ्या अनोळखी पुरुषाविषयी स्त्रियांचे मत काय? तो धोक्याचा वाटतो, आणि दुसरे म्हणजे त्याच्यापासून आपल्याला काही सुख मिळेल अशी आशा फारशी वाटत नाही. या दुसऱ्या कारणाचे वजन सर्वांत जास्त भरले. विचारणारा जर एखादा नामांकित नट असेल, किंवा या बाबतीत जाणकार म्हणून ठाऊक असलेला जवळचा मित्र असेल, तर स्त्री-पुरुषांच्या होकारातले अंतर जवळजवळ नाहीसे झाले. जर्मनीतही २०१५ साली अशाच विषयावर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात भेट सुरक्षित राहील अशी हमी देऊन फोटोंमधून जोडीदार निवडायला सांगितले होते. पुरुषांनी जास्त फोटो निवडले हे खरे. पण निदान एकाला तरी पसंत न करणारी स्त्री अगदी विरळा निघाली.

जोखीम अधिक आणि मोबदला कमी, असे काम नाकारणाऱ्या मजुराला कोणी आळशी म्हटले तर आम्ही त्याच्याशी भांडतो. येथे मात्र सगळे जग म्हणते की बाईची जातच थंड.

सांगणे आणि असणे यांतले अंतर मोजण्याचाही एक नमुनेदार प्रयोग झाला आहे. ओहायो राज्यात २००३ साली मिशेल अलेक्झांडर आणि टेरी फिशर यांनी विद्यार्थ्यांना आजवर किती जणांशी संबंध आला असे लेखी विचारले. एका गटाला वाटत होते की उत्तरे दुसरा कोणी पाहू शकेल. त्या गटात स्त्रियांची सरासरी आली २.६ आणि पुरुषांची ३.७. दुसऱ्या एका गटाच्या हाताला खोटे पकडणारे यंत्र म्हणून तारा जोडल्या होत्या. यंत्र चालत नव्हते, पण हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या गटात स्त्रियांची सरासरी झाली ४.४ आणि पुरुषांची ४.०. पुरुष थोडे हलले. स्त्रियांचा आकडा पावणेदोनपट झाला. ज्याला खरे सांगण्याबद्दल दंड बसतो तो खरे कमी सांगतो, हे काही आम्हाला नवीन नाही. हजेरीपटावरचे आकडे आम्ही आयुष्यभर पाहिले आहेत.

आणि दंड काही केवळ सांगणाऱ्यालाच बसतो असे नाही, मोजणाऱ्यालाही बसतो. आल्फ्रेड किन्से हा मूळचा गांधीलमाशीच्या जातीच्या किड्यांचा अभ्यासक. त्याने १९४८ साली अमेरिकन पुरुषांच्या कामव्यवहारावर ग्रंथ काढला तेव्हा गवगवा झाला आणि प्रतीही खूप खपल्या. १९५३ साली ५,९४० स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला दुसरा ग्रंथ निघाला, आणि पुढच्याच वर्षी त्याला पैसा पुरवणाऱ्या रॉकफेलर प्रतिष्ठानाने हात आखडता घेतला.

तर मग फरक मुळीच नाही काय? तसे आम्ही म्हणत नाही. सोयीचे आकडे तेवढे घ्यायचे आणि गैरसोयीचे खिशात ठेवायचे, हे वाटाघाटीच्या टेबलावर समोरच्याने केले तर आपल्याला राग येतो. मग आपण तरी का करावे? जर्मन संशोधकांनी २०२२ साली २११ अभ्यास एकत्र करून, सहा लाखांहून अधिक माणसांची माहिती तपासली. कामेच्छा किती वेळा मनात येते, किती तीव्र असते, हे पाहता पुरुषांची सरासरी स्पष्टपणे वर भरली. सांगण्यातले खोटेपण वजा जाता फरक थोडा कमी होईल, पण शून्य होईल असे दिसत नाही. मात्र त्याच अभ्यासात दुसरा एक आकडा आहे, तो सहसा कोणी उद्धृत करीत नाही : सरासरी पुरुषाहून ज्यांची इच्छा अधिक तीव्र आहे अशा स्त्रिया शंभरांत २४ ते २९ निघतात. म्हणजे दर चार घरांमागे एक. आता त्या चौथ्या घराची कल्पना करा. तेथे बाईला वाटते की आपल्यातच काही वाईट आहे, आणि बाप्याला वाटते की आपण पुरुषांत जमा नाही. दोघेही ठणठणीत आहेत. रोग आहे तो त्या नाक्यावरच्या वाक्याचा. सरासरी पुरुषाशी कोणत्याही बाईचे लग्न लागत नसते.

याहूनही महत्त्वाचा भाग पुढे आहे, आणि तो जरा स्पष्ट बोलावा लागेल. एखाद्याला खानावळीत रोज गार भाकरी आणि आंबलेली आमटी वाढायची, आणि त्याने ताट सरकवले की म्हणायचे, याची भूकच मुळी बेताची! स्त्रीच्या इच्छेविषयी बोलताना आपण वाढप्याकडे कधी पाहतच नाही. अमेरिकेत बावन्न हजारांवर प्रौढांची एक पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. महिनाभरातल्या संबंधांत आपली कामपूर्ती नेहमी किंवा बहुतेक वेळा होते असे पुरुषाशी संबंध ठेवणाऱ्या स्त्रियांपैकी ६५ टक्क्यांनी सांगितले. स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत हे प्रमाण ९५ टक्के होते. येथवर आले की लोक म्हणतात, निसर्गानेच स्त्रीचे शरीर तसे केले. पण याच पाहणीत समलिंगी स्त्रियांचे प्रमाण ८६ टक्के होते. शरीर तेच, निसर्ग तोच. मग हे एकवीस टक्के कोठून आले?

ते बरेचसे अज्ञानातून आले. स्त्रीच्या सुखाचे मुख्य इंद्रिय म्हणजे शिश्निका. योनीच्या वरच्या बाजूस तिचे टोक तेवढे दिसते, बाकीचे सारे आत असते. सिग्मंड फ्रॉइडने १९०५ साली लिहून ठेवले की वयात आलेल्या स्त्रीचे सुख या इंद्रियाकडून योनीकडे सरकले पाहिजे. त्याच्या शब्दाखाली कित्येक पिढ्यांतल्या स्त्रिया स्वतःला अपुऱ्या समजत राहिल्या. या इंद्रियाची खरी रचना व व्याप्ती हेलन ओकॉनेल या ऑस्ट्रेलियन शल्यचिकित्सक बाईंनी नीट तपासून मांडली ती १९९८ साली. माणूस चंद्रावर जाऊन आला त्यालाही तोवर एकोणतीस वर्षे झाली होती.

इच्छेच्या चालीविषयीही असेच. कॅनडातील डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० सालच्या सुमारास दाखवून दिले की इच्छा नेहमी आधी येते आणि स्पर्श नंतर, असे नाही. पुष्कळ स्त्रियांत, विशेषतः संसाराला वर्षे उलटल्यावर, आधी निवांतपणा, जवळीक, स्पर्श, आणि त्यातून इच्छा जागी होते. ही उणीव नव्हे, ही एक चाल आहे. आणि ती पुरुषांतही आढळते. कॅनडातच २००४ साली दीडशेवर जोडप्यांना विचारले गेले की आधीचे लाडीगोडीचे खेळ किती वेळ चालावेत. नवऱ्यांची आणि बायकांची अपेक्षा जवळजवळ सारखी निघाली, आणि प्रत्यक्षात घडत होते त्याहून जास्त. जोडीदाराला काय हवे असेल याचा अंदाज मात्र माणसे समोरच्या माणसावरून बांधत नव्हती, तर पुरुष असे असतात आणि बायका अशा असतात या ठोकताळ्यावरून बांधत होती. एकाच अंथरुणावरची दोन माणसे, दोघांची मागणी एक, आणि मागणीपत्र कोणीच लिहीत नाही!

निवांतपणा हा शब्द आम्ही आत्ताच वापरला. तो आमच्या धंद्यातला शब्द आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या प्रयत्नाने मुंबईच्या गिरणी कामगाराला १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. आठ तास काम, आठ तास झोप, आणि आठ तास आपले, ही मागणी जगभरच्या कामगारांनी केली. त्या शेवटच्या आठ तासांचा हिशेब मात्र कोणी घरात जाऊन केला नाही. सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीने तो केला. घरातले बिनपगारी काम करणाऱ्यांत स्त्रिया त्यावर दिवसाला २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे बाईची पाळी पाच तासांची, आणि ती नोकरी करीत असेल तर ही पाळी नोकरीच्या वर. अमेरिकेत २०२२ साली मुलेबाळे असलेल्या हजारावर स्त्रियांचा अभ्यास निघाला. जिच्या वाट्याला घरकामाचा जास्त भार, तिची नवऱ्याविषयीची इच्छा कमी. वाटणी अन्यायाची वाटणे आणि नवरा हा आणखी एक सांभाळायचा जीव वाटणे, ही त्याची कारणे दिसली. रात्री अकराला ओटा पुसून आलेल्या बाईने पाठ फिरवली तर तिला बाजारातले चूर्ण देऊ नये. तिला एक तास द्यावा.

पुरुषांचेही या व्यवहारात भले झाले आहे असे कोणी समजू नये. लोकलच्या डब्यात, मुतारीच्या भिंतीवर, एस. टी. स्टँडच्या मागे ज्या 'ताकदीच्या' जाहिराती चिकटवलेल्या असतात त्यांचा गिऱ्हाईक कोण? दिवसभर हमाली करून, यंत्रावर उभे राहून थकलेला आमचाच माणूस. त्याला शिकवलेले असते की पुरुषाला केव्हाही हवेच असते. एखाद्या रात्री त्याला नको वाटले तर तो ते बायकोला सांगत नाही, मित्राला तर नाहीच नाही. पगारातले हजार-दीड हजार त्या भोंदूला नेऊन देतो. डॉक्टर विग यांनी १९६० साली 'धात' या नावाने ज्या विकाराची नोंद केली, तो याच भीतीचा पुतळा. वीर्य गेले म्हणजे जीव गेला, असे वाटून तरुण पोरे खंगतात. तपासणीत शरीराला काहीच झालेले नसते. नाही म्हणण्याची मुभा पुरुषालाही नाही, एवढाच याचा अर्थ. फरक असा की त्याने नाही म्हटले तर हसे होते, आणि तिने नाही म्हटले तर पुष्कळदा मार बसतो.

बाईच्या या 'नाही'चा आपल्याकडचा इतिहास मोठा आहे. रखमाबाईंचे लग्न त्यांच्या अकराव्या वर्षी झाले होते. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जाण्याचे नाकारले आणि प्रकरण मुंबई हायकोर्टात गेले. १८८७ साली कोर्टाने सांगितले, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली आणि त्या डॉक्टर झाल्या. आज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९ ते २१ ची, सांगते की इच्छा नसल्यास नवऱ्याला नकार देऊ शकतो असे देशातल्या ८२ टक्के विवाहित स्त्रियांनी सांगितले. गोव्यात तर ९२ टक्के. आकडा समाधानाचा आहे, पण तो उलटा वाचून पाहावा : देशातल्या दर शंभरांतल्या अठराजणींची आवड-निवड काय आहे हा प्रश्नच उद्भवत नाही. आणि जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही, बायको अठरा वर्षांहून लहान नसेल तर नवऱ्याने केलेल्या जबरी संभोगाला बलात्कार म्हणू नये, हा जुना अपवाद तसाच उतरवून घेतलेला आहे.

हे सारे महाराष्ट्रात प्रथम उघडपणे बोलला तो गणिताचा एक प्राध्यापक. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून मरेपर्यंत, १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. नोकरी गेली, खटले झाले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल १९३४ साली अश्लीलतेचा खटला भरला गेला तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरले, दंड भरला, मासिक चालू राहिले. कर्व्यांचे म्हणणे साधे होते. शरीरसुखाचा हक्क स्त्रीलाही पुरुषाइतकाच आहे, आणि जोवर प्रत्येक सुखामागे तिला बाळंतपणाची धास्ती आहे तोवर तो हक्क कागदावरच राहणार.

ती धास्ती आज कोणी उचलली आहे? त्याच आरोग्य पाहणीत उत्तर आहे. देशातल्या विवाहित जोडप्यांत संततिनियमनासाठी स्त्रीची शस्त्रक्रिया झालेली ३७.९ टक्के, पुरुषाची ०.३ टक्के. निरोध वापरणारे ९.५ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, पोट उघडावे लागत नाही, आणि माणूस बहुधा त्याच दिवशी घरी जातो. तरी आमच्या सभासदांपुढे हा विषय काढला की पहिले वाक्य ठरलेले : ताकद जाते, मग ओझे कसे उचलायचे? १९७६-७७ च्या सक्तीत ऐंशी लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुषांच्या. त्या दहशतीची आठवण बापाकडून मुलाकडे आली आहे, हे आम्ही समजू शकतो. पण वस्तुस्थिती एवढीच आहे की या शस्त्रक्रियेने वीर्यातले बीज तेवढे थांबते; इच्छा, ताठरता, मिशी, दंडातले बळ, यांपैकी काहीही कमी होत नाही. गेल्या वर्षी आमच्या आरोग्य-वर्गात एका डॉक्टरांनी हे चित्र काढून समजावले. वर्ग सुटल्यावर एका मालवाहू टेम्पोचा चालक मागे रेंगाळला. त्याच्या बायकोचे तिसरे बाळंतपण नुकतेच झाले होते आणि तिच्या शस्त्रक्रियेची तारीखही ठरली होती. त्याने विचारले, तिच्या जागी माझे नाव घातले तर रजा किती दिवसांची भरावी लागेल?